दापोलीचे विद्यार्थी आपल्या गांवीं

विद्यापीठ म्हटलें कीं मोठमोठ्या इमारती, पदवीदान समारंभांतील झगे घातलेली मंडळी आणि सामान्य माणसास न कळणारी भाषा, असें चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. रत्नागिरी जिल्ह्यांतील शेतकऱ्यास मात्र विद्यापीठ हें इतकें परकें नाहीं. आंब्याचें कलम घ्यावयाचें तर दापोली, भाताचें सुधारलेलें बियाणें पाहिजे तर शिरगांव, काजूची नवी जात पाहावयाची तर वेंगुर्लें, हा परिपाठ आतां दोन पिढ्यांचा झाला आहे. परंतु ज्या आवारांतून हें कलम बाहेर पडतें तेथें वर्षभर कोण राहतें, कसें राहतें, काय शिकतें, आणि शिकतां शिकतां आपल्या गांवीं कशासाठीं येतें, याची चौकशी आपण क्वचितच करितों. कलम घेतलें, पावती खिशांत घातली आणि एस्. टी. धरली, इतकाच आपला व त्या संस्थेचा संबंध. हा संबंध याहून पुष्कळ जवळचा असावयास पाहिजे, आणि तो तसा होणें बव्हंशीं आपल्याच हातीं आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विद्यापीठाचा पसारा

दापोली हें मूळचें लष्करी छावणीचें ठिकाण. इंग्रजी अमलांत पडलेलें ‘कॅम्प दापोली’ हें नांव जुन्या माणसांच्या तोंडीं अजूनहि ऐकूं येतें. विद्येची परंपरा या तालुक्यास नवी नाहीं. महर्षि धोंडो केशव कर्वे येथील मुरुडचे. लोकमान्य टिळकांचें मूळ गांव चिखलगांव याच तालुक्यांतलें. साने गुरुजींचें पालगडहि येथलेंच. अशा या ठिकाणीं सन १९६५ सालीं कृषि महाविद्यालय सुरू झालें, आणि पुढें ता. १८ मे १९७२ रोजीं कोंकण कृषि विद्यापीठाची स्थापना झाली. राहुरी व अकोला येथील विद्यापीठें त्यापूर्वींच निघालीं होतीं. परभणीचें व दापोलीचें हीं एकाच दिवशीं जन्मलेलीं भावंडें होत. सन २००१ सालीं या विद्यापीठास डॉ. बाळासाहेब सावंत यांचें नांव देण्यांत आलें. सावंत हे आपल्याच जिल्ह्याचे पुढारी. सन १९६३ सालीं मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचें निधन झालें, तेव्हां कांहीं दिवस राज्याच्या मुख्यमंत्रिपदाचा भार त्यांनीं वाहिला होता.

विद्यापीठ म्हणजे केवळ दापोलीचें आवार, अशी समजूत करून घेणें चुकीचें होईल. कर्जत येथील भात संशोधनाचें केंद्र तर सन १९१९ पासूनचें, म्हणजे विद्यापीठाहून अर्ध्या शतकानें वडील. रत्नागिरीनजीक भाट्यें येथें नारळाचें केंद्र सन १९५५ सालीं व वेंगुर्लें येथें फळझाडांचें केंद्र सन १९५७ सालीं निघालें. शिरगांवास भाताचें केंद्र आहे व मत्स्य महाविद्यालय आहे. पनवेलीस खार जमिनीचा अभ्यास चालतो. दापोलीजवळ वाकवलीस मोठें प्रयोगक्षेत्र आहे. उत्तरेस पालघरपासून दक्षिणेस सिंधुदुर्गापर्यंत, एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस सह्याद्रि अशा चिंचोळ्या पट्ट्यांत ही सर्व केंद्रें विखुरलेलीं आहेत. दापोलीचें आवार हें या सर्वांचें माजघर होय.

आवारांतील वर्ष

या माजघरांतील दिनक्रम पावसाच्या तालावर चालतो. दापोलीस वर्षाकाठीं सरासरी सुमारें साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जून महिन्यांत वसतिगृहाच्या दोऱ्यांवर जे ओले कपडे चढतात ते गणपतीपर्यंत पुरते वाळत नाहींत. जांभ्याच्या भिंतीस शेवाळ धरतें. आणि नव्यानें आलेल्या विद्यार्थ्यास पहिल्या महिन्यांतच कळून चुकतें कीं, येथील शेतीचें पुस्तक छत्री मिटून वाचतां येत नाहीं. या विद्यार्थ्यांत कोंकणची मुलें आहेत, तशींच सातारा, सांगली, नगर, सोलापूर इकडील घाटावरचींहि पुष्कळ आहेत. ज्यानें जन्मभर ज्वारी व ऊस पाहिला त्याला गुडघाभर चिखलांत उतरून आवणांतून रोपें काढावीं लागतात व लावणी करावी लागते. त्याची चूड वांकडी पडते, शेजारची मजूर बाई हंसते, आणि दोन दिवसांत हात बसतो. पूर्वीं शेतकीचें शिक्षण हें मुलग्यांचेंच समजत. आतां विद्यार्थिनींची संख्याहि लक्षांत भरण्याजोगी झाली आहे. कोंकणांत भाताची लावणी मुख्यत्वें बायकांच्या हातची असल्यामुळें ही गोष्ट आपल्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. तिचा विचार पुढें येईल.

पाऊस ओसरला कीं आवारास निराळें रूप येतें. खेळांच्या स्पर्धा, नाटकें, ‘इंद्रधनुष्य’ नांवाच्या आंतरविद्यापीठीय युवक महोत्सवाची तयारी, राष्ट्रीय सेवा योजनेचीं शिबिरें यांची गर्दी उडते. मार्गशीर्ष-पौषांत हापूसला मोहोर येऊं लागतो, आणि त्याबरोबर तुडतुडे व फुलकिडे मोजण्याचें काम विद्यार्थ्यांच्या वांट्यास येतें. फांदीखालीं उभें राहून एकेका मोहोरावर किती किडे आहेत हें मोजून वहींत टिपणें हें काम दिसावयास क्षुल्लक. पण फवारणीची जी शिफारस आपण छापील कागदावर वाचतों तिचा पाया अशा वह्यांतच असतो.

उन्हाळ्याच्या सुमारास राज्यांतील चारी कृषि विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांची संयुक्त बैठक भरते. प्रत्येकानें केलेल्या कित्येक वर्षांच्या चांचण्या तेथें मांडावयाच्या, इतरांनीं त्यांची उलटतपासणी करावयाची, आणि त्यांतून जें टिकेल त्याचीच जात म्हणून किंवा शिफारस म्हणून घोषणा व्हावयाची, असा हा रिवाज आहे. एखादें नवें भात शेजाऱ्याच्या शेतांत एका सालीं चांगलें आलें एवढ्यावरून विद्यापीठ तें लगेच कां उचलून धरीत नाहीं, असें आपल्यापैकीं कांहीं जण विचारतात. एक चांगलें साल हा पुरावा नव्हे, हें त्याचें उत्तर. मे महिन्याच्या अठराव्या तारखेस वर्धापनदिन येतो, आणि मृगाच्या तोंडावर रोपवाटिकेपाशीं कलमांसाठीं आपली रांग लागते, तेव्हां आवाराचें एक वर्ष पुरें होतें.

या आवारानें दुःखाचे दिवसहि पाहिले आहेत. ता. २८ जुलै १९१८ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २८ जुलै २०१८ रोजीं विद्यापीठाचे कर्मचारी सहलीसाठीं महाबळेश्वरास निघाले असतां आंबेनळी घाटांत त्यांची बस दरींत कोसळली, आणि तींतून एकच इसम जिवंत परत आला. दापोलीसारख्या लहान गांवांत त्या दिवशीं ज्या घरीं दिवा लागला नाहीं असें घर कोणाच्या ना कोणाच्या ओळखीचें होतेंच. पुढें दोनच वर्षांनीं, ३ जून २०२० रोजीं, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें व दापोली-मंडणगडच्या नारळीपोफळीच्या आणि आंब्याच्या बागा त्यानें आडव्या केल्या. तीस-चाळीस वर्षें जोपासलेलीं झाडें एका दुपारीं गेलीं. विद्यापीठ व शेतकरी यांचें नशीब एकाच वाऱ्याशीं बांधलेलें आहे, हें त्या दिवशीं निराळें सांगावें लागलें नाहीं.

प्रश्न आपला, उत्तर त्यांचें

आतां या आवारानें आपल्यास काय दिलें तें पाहूं. हापूसचें फळ वरून सुरेख दिसतें व कापल्यावर आंत साका निघतो, ही आपली जुनी डोकेदुखी. नीलम व हापूस यांच्या संकरांतून वेंगुर्ल्यास ‘रत्ना’ ही जात निघाली व सन १९८१ मध्यें ती प्रसारित झाली. तिच्या फळांत साका होत नाहीं. पुढें रत्ना व हापूस यांच्या संकरांतून ‘सिंधु’ ही अगदीं पातळ कोयीची जात सन १९९२ मध्यें आली. काजूची ‘वेंगुर्ला-४’ सन १९८१ सालची व ‘वेंगुर्ला-७’ सन १९९७ सालची. कोकमाची ‘कोंकण अमृता’ हीहि सन १९९७ चीच. सन १९९० नंतर रोजगार हमीशीं जोडलेली फळबाग योजना राज्यानें सुरू केली, तेव्हां कातळाच्या व वरकस जमिनींत लक्षावधि कलमें लावतां आलीं, तीं या कामाची पूर्वतयारी झालेली होती म्हणूनच. आंबा देठासह उतरविणारा नूतन झेला आणि फळमाशीचा नर पकडणारा रक्षक सापळा, हीं साधनेंहि याच विद्यापीठाचीं.

या सर्व गोष्टींत एक धागा समान आहे. साका हा प्रश्न प्रयोगशाळेंत जन्मलेला नाहीं. तो आपल्या आंब्याच्या अढींत जन्मला. कच्चें फळ झेल्यांतून खालीं पडून डाग धरतें, ही तक्रार बागेंत झाली. एक वर्ष कलम भरून येतें व दुसऱ्या वर्षीं रुसतें, हें गाऱ्हाणें बागाईतदाराचें. प्रश्न आपण दिला, उत्तर त्यांनीं शोधलें. ज्या प्रश्नास कोणी बागाईतदारानें तोंड फोडलें नाहीं तो तसाच राहिला असेल, हें उघड आहे. म्हणून विद्यापीठाकडे आपला प्रश्न पोहोंचविण्याचा मार्ग कोणता, याचा विचार करणें अवश्य आहे. आणि असा एक मार्ग दर वर्षीं पावसाळ्यांत आपल्या दारांत चालत येत असतो.

आठ आठवडे

शेतकीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षीं विद्यार्थ्यांनीं खेड्यांत राहून काम करावें असा नियम आहे. त्यास ‘ग्रामीण कृषि कार्यानुभव’ असें म्हणतात. सन २०१५ नंतर देशभर लागू झालेल्या आखणींत या कार्यक्रमास वीस आठवडे दिले गेले, व त्यांपैकीं आठ आठवडे प्रत्यक्ष गांवांत, शेतकऱ्यांच्या संगतींत काढावे असें ठरलें. दापोलीच्या महाविद्यालयाचेच नव्हे, तर विद्यापीठाशीं संलग्न असलेल्या चिपळूण तालुक्यांतील मांडकी-पालवण, खरवतें-दहिवली इत्यादि ठिकाणच्या महाविद्यालयांचे विद्यार्थीहि असे गांवोगांव जातात. कल्पना अशी कीं, विद्यार्थ्यानें शेतकऱ्याजवळ राहून शेतीचे व्यवहार पाहावे, आणि आपल्याजवळचें ज्ञान त्याला द्यावें.

आतां प्रत्यक्षांत काय घडतें तें मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. विद्यार्थी येतात, ग्रामपंचायतींत सत्कार होतो, नारळ दिला जातो. शाळेंत एक व्याख्यान होतें, चावडीपुढें गांवाचा नकाशा रांगोळीनें काढला जातो, बीजप्रक्रियेचें प्रात्यक्षिक होतें, त्याचें छायाचित्र निघतें, वर्तमानपत्रांत चार ओळी येतात. मग निरोपसमारंभ होतो, सरपंचांची सही होते आणि गाडी निघून जाते. त्या आठ आठवड्यांत गांवच्या एकाहि खाचरांत एकहि गोष्ट निराळी घडली नाहीं, असें पुष्कळदां होतें. विद्यार्थ्यास गुण मिळाले, गांवास छायाचित्र मिळालें. दोष कोणाचा? विद्यार्थ्यास आपण पाहुणा समजतों, आणि पाहुण्यास चहा देतात, प्रश्न विचारीत नाहींत. “पोर आहे, त्याला काय कळणार,” असें मनांत म्हणून आपण त्यास बागेच्या कडेनें फिरवून आणितों. विद्यार्थ्यासहि वाटतें कीं, येथें कोणास कांहीं विचारावयाचेंच नाहीं, तर आपली वही भरून मोकळें व्हावें. अशा रीतीनें दोन्ही पक्ष एकमेकांचा मान राखतात व वेळ मात्र फुकट जातो.

चीनमधील एक अंगण

आठ आठवड्यांत असें काय होणार, असा प्रश्न कोणी करील. त्याच्या समाधानासाठीं दूर देशच्या एका विद्यापीठाची हकीकत येथें देतों. चीनच्या राजधानींत, बीजिंग येथें, चीन कृषि विद्यापीठ या नांवाची मोठी संस्था आहे. तिचे शास्त्रज्ञ सन १९७३ पासून हेबेई प्रांतांतील छ्यूझोउ तालुक्यांत क्षारानें बिघडलेल्या जमिनी सुधारण्याचें काम करीत होते. आपल्याकडील खार जमिनीसारखाच तो प्रश्न. जमीन सुधारली, परंतु शेतकऱ्याचें गहूं व मका यांचें उत्पन्न प्रयोगक्षेत्राच्या मानानें पुष्कळ कमी राहिलें. ज्ञान केंद्रांत होतें, शेत बाहेर होतें, आणि मध्यें अंतर होतें. तेव्हां सन २००९ सालीं झांग फुसुओ या प्राध्यापकांच्या पुढाकारानें पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांनीं खेड्यांतच बिऱ्हाड करावें अशी योजना निघाली. शेतकऱ्याच्या वस्तींतलें साधें घर, त्याचें अंगण, तेथेंच झोपणें, तेथेंच रांधणें, आणि प्रयोग करावयाचा तो शेतकऱ्याच्याच शेतांत. या बिऱ्हाडांस त्यांच्या भाषेंत ‘विज्ञानाचें लहान अंगण’ अशा अर्थाचें नांव आहे.

परिणाम काय झाला, तो सन २०१६ सालीं ‘नेचर’ या प्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला आहे. त्या हवेंत व जमिनींत जें जास्तींत जास्त उत्पन्न निघूं शकतें तें शंभर धरलें, तर विद्यार्थ्यांबरोबर काम करणाऱ्या ७१ पुढाकार घेणाऱ्या शेतकऱ्यांचें उत्पन्न सुमारें ६८ वरून ९७ वर गेलें; आणि सुमारें ९३ हजार कुटुंबें असलेल्या सबंध तालुक्याचें उत्पन्न सुमारें ६३ वरून ८० च्या जवळ आलें. त्यानंतर चीनभर अशीं अंगणें हजाराच्या वर झालीं. सन २०१९ पासून आफ्रिकेंतील देशांचे विद्यार्थीहि छ्यूझोउस येऊन राहूं लागले. एका चिनी खेड्यांत आफ्रिकेचा तरुण मक्याच्या सऱ्या मोजीत आहे व म्हातारा शेतकरी त्याच्याशीं खुणांनीं बोलत आहे, असें हें विद्यापीठाचें आवार आहे. तेथें भिंत नाहीं व फाटक नाहीं.

आपली व त्यांची स्थिति सर्वस्वीं एक नाहीं, हें आम्ही जाणतों. ते विद्यार्थी पदव्युत्तर वर्गाचे. ते महिनेच्या महिने राहतात. आपले विद्यार्थी पदवीचे. ते आठ आठवडे राहतात. त्यांचें शेत सपाट, पीक गहूं-मका. आपलें शेत डोंगरउताराचें, तुकड्यातुकड्यांचें, आणि आंब्याच्या कलमावर केलेल्या प्रयोगाचें फळ दिसावयास निदान एक हंगाम जावा लागतो. पण त्या योजनेंतील मर्म काळाच्या लांबींत नाहीं. विद्यार्थी शेतकऱ्याच्या शेतांत काम करितो, शेतकरी आपला प्रश्न त्यास सांगतो, व दोघे मिळून मोजमाप ठेवतात, हें तें मर्म होय. आणि एवढें करण्यास कोणाच्या हुकुमाची जरुरी नाहीं.

आपल्यास काय करितां येईल

विद्यार्थी येतात ते बहुधा पावसाळी सत्रांत. हा काळ आपल्या कामाचा असल्यामुळें त्यांना सांगण्यासारख्या व त्यांच्याकडून करून घेण्यासारख्या गोष्टी भरपूर असतात. नमुन्यादाखल कांहीं देतों.

पहिली गोष्ट आंब्याची. कलमें दर वर्षीं धरावीं म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल हें औषध मातींत देण्याची पद्धत याच विद्यापीठानें बसविली. तिची वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट, म्हणजे विद्यार्थी गांवांत असतात तीच. मात्रा झाडाच्या वयावर किंवा आपल्या अंदाजावर ठरत नाहीं. विस्ताराच्या व्यासास दर मीटरीं पाऊण ग्रॅम मूळ औषध, म्हणजे बाजारांत मिळणाऱ्या पंचवीस टक्के द्रावणाचे तीन मिलिलिटर. झाडाचा विस्तार पूर्वपश्चिम व दक्षिणोत्तर असा दोनदां मोजून सरासरी घ्यावयाची. ती आठ मीटर भरली तर चोवीस मिलिलिटर औषध पाण्यांत मिसळून, बुंध्यापासून विस्ताराच्या निम्म्या अंतरावर वर्तुळांत घेतलेल्या लहान खड्ड्यांत घालावयाचें. आपल्याकडे किती बागांत टेप लावून हें मोजलें जातें? बाग कराराने दिलेली असली तर घेणाऱ्याची दृष्टि एका हंगामाच्या फळावर, व मालकाची झाडाच्या आयुष्यावर. औषध प्रमाणाबाहेर गेलें तर सोसावें लागतें तें झाडास. दोन विद्यार्थी दोन दिवसांत शंभर कलमांचें मोजमाप करून प्रत्येकाची मात्रा वहींत लिहून देऊं शकतात. ती वही मालकाजवळ राहिली म्हणजे करार करतांनाहि तिचा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट भाताची. चारसूत्री पद्धतींत लावणी दोरीवर, १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटूनपालटून अंतरावर करून चार चुडांच्या मध्यें युरिया-डीएपीची एक गोळी बोटभर खोल खोंचावयाची असते. पसरून टाकलेलें खत पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातें. खोंचलेलें मुळाशीं राहतें. हें पुस्तकांत वाचून पटत नाहीं. एका खाचराचे दोन भाग करून एकांत ही रीत व दुसऱ्यांत आपली नेहमींची रीत करावी, व कापणीच्या वेळीं दोन्ही भागांचें भात निरनिराळें मापावें. लावणीच्या वेळीं विद्यार्थिनींस बायकांच्या रांगेंत उभें करावें. जी बाई चूड हातांत धरते तिला अंतराचें कारण समजलें तरच दोरी सरळ पडते. आणि बायकांशीं बायकांनीं बोललेलें अधिक लागूं पडतें, हें सांगण्याची जरुरी नाहीं.

तिसरी गोष्ट हिशेबाची. आपल्यापैकीं पुष्कळांस पेटीचा भाव तोंडपाठ असतो, पण पेटीमागें फवारणी, राखण, मजुरी, गवत, खोकें व भाडें मिळून काय खर्च आला हें विचारलें तर उत्तर मिळत नाहीं. अर्थशास्त्र हा या विद्यार्थ्यांचा अभ्यासाचाच विषय आहे. मागील हंगामाचीं बिलें व टिपणें त्यांच्यापुढें ठेवावीं आणि पेटीमागील खर्च काढून मागावा. उत्तर कडू निघालें तरी तें उपयोगाचें असतें.

चौथी गोष्ट पत्रव्यवहाराची. जो प्रश्न विद्यार्थ्यास सुटला नाहीं तो त्यानें लिहून आपल्या प्राध्यापकांकडे न्यावा, व त्याचें उत्तर गांवास यावें, असें निरोपाच्या आधींच ठरवून घ्यावें. विद्यार्थी गेला तरी त्याचा पत्ता राहतो. लांज्याचें कृषि विज्ञान केंद्र जवळ आहे. अशा प्रश्नांची एक प्रत तेथेंहि द्यावी.

एक आक्षेप

येथें एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. हीं मुलें पदवी घेऊन पुढें बँकेंत जातात, स्पर्धापरीक्षांस बसतात, खताच्या व औषधांच्या कंपन्यांत नोकऱ्या धरतात; शेतांत किती येतात? मग त्यांच्यासाठीं आपण लावणीच्या ऐन घाईंत वेळ कां मोडावा? याचें उत्तर दोन प्रकारचें आहे. एक तर जो उद्यां बँकेंत बसून आपल्या कर्जाचा अर्ज पाहणार आहे, किंवा कृषिखात्यांत अधिकारी होऊन नुकसानीचा पंचनामा करणार आहे, त्यानें आपलें खाचर व आपली बाग आतून पाहिलेली असणें हें आपल्याच हिताचें आहे. वादळानंतर पंचनाम्यास येणाऱ्या माणसास, फळें धरणारें कलम पुन्हां उभें राहावयास किती वर्षें लागतात हें ठाऊक असलें, तर किती फरक पडतो, हें सन २०२० च्या वादळानंतर ज्यांच्या बागा पडल्या त्यांस विचारावें. दुसरें असें कीं, शेतांत न येण्याचा दोष केवळ या परक्या मुलांच्या माथीं मारतां येत नाहीं. आपलीं स्वतःचीं मुलें मुंबईस गेलीं आहेत. गणपतीस व शिमग्यास घर भरतें, मग दारास कुलूप लागतें, आणि बाग राखण्यास परप्रांतांतील मजूर ठेवावा लागतो. शेतांत हिशेबानें कांहीं उरतें असें डोळ्यांनीं दिसल्याशिवाय ना त्यांचीं मुलें राहणार, ना आपलीं. तें दाखविण्यासाठीं जें मोजमाप लागतें तेंच आम्ही वर सुचविलें आहे.

याउप्पर आपल्या मुलामुलींनीं या विद्यापीठांत शिकावें, याचाहि विचार व्हावा. शेतकी, उद्यानविद्या, वनशास्त्र, कृषि अभियांत्रिकी, मत्स्यशास्त्र इतक्या शाखा आपल्या जिल्ह्यांतच असतां, ज्याच्या नांवावर चार एकर बाग आहे त्याच्या घरचा मुलगा केवळ कारकुनीच्या आशेनें दुसरीकडे जातो, हें पाहून वाईट वाटतें. घाटावरचीं मुलें आपल्या कलमांचें शास्त्र शिकून जातात आणि कलमांचे धनी मात्र तें त्यांच्याकडून ऐकतात, ही स्थिति फार दिवस राहणें बरें नव्हे.

सोसायटीच्या सभासदांस आमची एवढीच सूचना आहे. आपल्या गांवीं विद्यार्थी येणार असल्याचें ग्रामपंचायतींतून अगोदर कळतें. तें कळतांच गांवांतल्या पांच-सात खातेदारांनीं एका संध्याकाळीं एकत्र बसावें व आपल्या शेतीचे तीनच प्रश्न निवडून कागदावर लिहावे. प्रश्न मोठे नकोत. “उत्पन्न कसें वाढेल” हा प्रश्न नव्हे. “वरच्या कोपऱ्यांतील सहा कलमांचा मोहोर दर वर्षीं काळा कां पडतो” हा प्रश्न होय. सत्काराच्या नारळाबरोबर तो कागद विद्यार्थ्यांच्या हातीं द्यावा, आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस सरपंचांची सही होण्यापूर्वीं प्रत्येक प्रश्नापुढें काय केलें व काय आढळलें हें त्यांच्याकडून सर्वांसमक्ष वाचून घ्यावें. एखादा प्रश्न सुटेल, एखादा सुटणार नाहीं. न सुटलेला प्रश्न दापोलीस जाईल, तेथें कोणा प्राध्यापकाच्या वहींत उतरेल, आणि कदाचित् दहा वर्षांनीं त्याचेंच उत्तर एखाद्या नव्या जातीच्या किंवा नव्या रीतीच्या रूपानें आपल्या गांवीं परत येईल. साक्याचें तसेंच झालें.